एक ना धड, भाराभर कोर्स

प्रिय ताई,

माझं वय ४३. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. त्याची कारणं होती, ती आता उगाळत नाही. एका गोदामात मालाच्या नोंदी आणि हिशेब बघतो. चार वर्षांपूर्वी एका मोफत ऑनलाइन कोर्सला नाव घातलं, मग दुसऱ्याला, मग सवयच लागली. आज यादीत १९ कोर्स आहेत. पुरा झालेला एकच, तोही दोन आठवड्यांचा. बाकीच्यांसमोर १२ टक्के, ७ टक्के, शून्य टक्के. स्प्रेडशीटमध्ये माहितीचं विश्लेषण कसं करायचं ते शिकवणारा एक कोर्स ४१ टक्क्यांपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. मोठा भाऊ म्हणतो, "फुकट ते पौष्टिक! एक ना धड, भाराभर चिंध्या." मुलगी १७ वर्षांची आहे. ती म्हणते, "बाबा, तुमच्यात चिकाटी नाही, मला जमेल. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांचं सगळं फुकट मिळतंय, तर कॉलेजात जायचं कशाला?"

तीन गोष्टी सांगा. दोष माझाच का? प्रमाणपत्रासाठी पैसे भरावेत का? आणि मुलीला काय उत्तर देऊ?

– अर्धवट

प्रिय अर्धवट,

सही वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. तुम्ही हिशेबातले आहात, तर आधी हिशेबच करू. १९ पैकी एक म्हणजे शेकडा पाचाहून किंचित जास्त. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांनी चालवलेल्या मोफत कोर्सांच्या सहा वर्षांच्या नोंदी दोन संशोधकांनी चाळल्या आणि २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे निघाले साधारण ३ टक्के. निम्म्याहून जास्त लोकांनी तर नाव नोंदवल्यावर कोर्स एकदाही उघडून पाहिला नव्हता. तेव्हा भावाला सांगा, तुमची सरासरी हार्वर्डच्या गिऱ्हाइकांपेक्षा बरी आहे.

हे ऐकून फार हुरळून जाऊ नका. या आकड्यात एक गोम आहे. नाव नोंदवायला एक टिचकी पुरते, म्हणून लोक नुसतं डोकावायलाही नाव नोंदवतात. ग्रंथालयात शंभर पुस्तकं चाळून दोनच वाचणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही. म्हणून मला तुमच्या १८ अपुऱ्या कोर्सांची चिंता नाही. त्यातले किती तुम्हाला खरंच हवे होते? पत्रात तुम्ही सतरांची नावंसुद्धा घातली नाहीत. एकाचीच ओळख करून दिलीत, त्या ४१ टक्केवाल्याची. दुखतंय ते तिथे.

मलाही एक असंच दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी मी संख्याशास्त्राचा एक मोफत कोर्स घेतला. पहिले दोन आठवडे मजेत गेले. तिसऱ्या आठवड्यात 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' नावाची भानगड आली. नऊ मिनिटांचा व्हिडिओ. मी तो तीनदा पाहिला. शिकवणारे गृहस्थ इतके प्रेमळ की त्यांच्याबरोबर मीही मान डोलावत होते, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, कळलं की! मग खालचे पाच प्रश्न सोडवले. एक बरोबर आला, तोही अंदाजाने. चर्चेच्या पानावर माझी शंका लिहिली आणि रोज उठून बघत बसले. अकराव्या दिवशी एक उत्तर आलं: "मलाही हाच प्रश्न पडला आहे." त्या दिवशी मी तो कोर्स सोडला. चिकाटी संपली असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, त्या अकरा दिवसांत कुणीतरी दोन मिनिटं समोर बसलं असतं तर पुरलं असतं.

हे "कुणीतरी" मोफत शिक्षणाच्या गोष्टीत कसं गळत गेलं ते बघण्यासारखं आहे. एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलं की आपल्या जवळपास सगळ्या अभ्यासक्रमांचं साहित्य आपण इंटरनेटवर खुलं करू. टिपणं, गृहपाठ, प्रश्नपत्रिका, सगळं. त्या काळी विद्यापीठं हेच विकून पैसे कमवायची स्वप्नं बघत होती, म्हणून ही घोषणा मोठी होती. पण एमआयटी तेव्हापासून स्पष्ट सांगत आली आहे की हे साहित्य आहे, एमआयटीचं शिक्षण नव्हे. पदवी नाही, गुण नाहीत, प्राध्यापकांशी गाठभेट नाही. याच सुमारास सलमान खान नावाचा अमेरिकेतला एक तरुण आपल्या नात्यातल्या एका बहिणीला दूरवरून गणित शिकवत होता. ही २००४ ची गोष्ट. त्याची पुढे झालेली खान अकादमी, म्हणजे मोफत व्हिडिओ-धड्यांची संस्था, म्हटलं की आपल्याला काळ्या पडद्यावरचे रंगीत आकडे आठवतात, पण तिची सुरुवात फोनवरच्या शिकवणीने झाली. पलीकडे शिकणारी मुलगी होती, ती अडली की सांगत होती. नात्यातल्या आणखी मुलांनी शिकवायची गळ घातली, एकट्याला पुरेना, तेव्हा २००६ मध्ये व्हिडिओ आले. व्हिडिओ कोट्यवधींपर्यंत पोचले. फोन अर्थातच पोचू शकत नव्हता.

मग २०११ साल उजाडलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सगळ्यांना खुला केला आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नावं घातली. पुढच्याच वर्षी थ्रुन यांची उडासिटी, त्याच विद्यापीठातल्या अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर यांची कोर्सेरा, आणि हार्वर्ड-एमआयटी यांची एडएक्स अशा मोफत कोर्स देणाऱ्या तीन संस्था उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांनी २०१२ या सालाचं या कोर्सांच्या नावाने बारसं केलं. विद्यापीठांचे दिवस भरले, असं गंभीर चेहऱ्याने लिहिणारेही होते.

त्या वर्षीची एक बातमी जगभर फिरली, तुमच्या मुलीनेही कुठेतरी वाचली असेल. एमआयटीचा विद्युत मंडलांवरचा पहिला खुला कोर्स. नावं आली सुमारे १,५५,०००, उत्तीर्ण झाले ७,१५७, आणि शंभरपैकी शंभर मिळवलेले जेमतेम ३४०. त्यात मंगोलियाची राजधानी उलानबाटर इथला १५ वर्षांचा एक मुलगा होता. पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. बघा, गवताळ माळाच्या देशातला मुलगा, एक संगणक आणि जगातलं सर्वोत्तम शिक्षण, अशी ती गोष्ट सांगितली गेली. खरीच आहे. फक्त ती सांगताना अर्धी गाळतात. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. हा कोर्स मुलांनी करावा ही कल्पना त्यांची. प्रयोगशाळेशिवाय हा विषय शिकता येत नाही हे ओळखून त्यांनी एका तरुण संशोधकाला अमेरिकेहून बोलावलं. तो सामानाच्या पेट्या घेऊन आला आणि व्हिडिओ बघून झाले की मुलांबरोबर बसून तारा जोडायचा. मुलगा असामान्य होता यात शंका नाही. पण तो अडला तर विचारायला माणूस होता, बरोबर शिकणारी मुलं होती, आणि आज वर्गाला का आला नाहीस म्हणून हटकणारे मुख्याध्यापक होते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर याच्यात आलं. जे फुकट मिळालं ते व्याख्यान. शाळा म्हणून जे काही असतं, म्हणजे ठरलेली वेळ, वाट बघणारं माणूस, चुकलं तर लगेच दाखवणारं बोट, शेजारच्या बाकावरचा तुमच्याइतकाच गोंधळलेला सोबती, यातलं काहीही त्या यादीबरोबर आलं नाही. दिवसभर गोदामात उभं राहून आलेल्या माणसाने रात्री दहाला हे सगळं एकट्याने आपल्याच अंगातून काढायचं, आणि नाही जमलं की चिकाटी नाही म्हणायचं, हा काही न्याय झाला नाही. दोष तुमचा असेल तर एवढाच, की एक कोर्स अडला की तुम्ही दुसऱ्याला नाव घातलंत. ते मीही केलं आहे. नवीन कोर्सचं पहिलं पान उघडताना काय छान वाटतं! वहीच्या पहिल्या पानावरचं अक्षर नेहमीच सुरेख येतं.

मुलीचा प्रश्न सगळ्यात नाजूक म्हणून आता तो घेते. तिला उडवून लावू नका, ती म्हणते त्यात तथ्य आहे. साहित्य खरोखरच उत्तम आहे, आणि आज कुठल्याही देशातल्या मुलीला उपलब्ध आहे. पण हा प्रयोग तिच्या वयाच्या मुलांवर एकदा होऊन गेला आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडासिटीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे प्राथमिक कोर्स ऑनलाइन चालवले. त्यात गणितात आधी मागे पडलेले विद्यार्थी होते, शाळकरी मुलंही होती. पहिल्या सत्राचा निकाल वर्गात बसणाऱ्या मुलांपेक्षा बराच खाली आला. काही मुलांच्या घरी धड संगणक आणि इंटरनेटच नाही, हे तर कोर्स सुरू झाल्यावर कळलं. जुलैत प्रयोग थांबवला. त्याच वर्षाअखेरीस थ्रुन यांनी मुलाखतीत मोकळेपणाने कबूल केलं की आपण बनवलेली वस्तू चांगली नाही, आणि कंपनीने नोकरदारांच्या प्रशिक्षणाकडे मोर्चा वळवला. ज्याने ढोल बडवला त्यानेच तो खाली ठेवला, याचं मला कौतुक वाटतं. बाकीचे वाजवतच राहिले.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा दिसलं की दहातल्या आठांहून जास्त लोकांकडे पदवी आधीच होती. ज्यांच्यासाठी दार उघडलं असं आपण समजत होतो ते बाहेरच होते, आणि आतलेच लोक आणखी एका खोलीत शिरले होते. याचं कारण मुलीला समजावून सांगण्यासारखं आहे. कॉलेजातून विषय शिकून येतो तो येतोच, पण अडल्यावर काय करायचं, कंटाळा आला तरी पान कसं संपवायचं, आपल्याला हे खरंच कळलंय की कळल्यासारखं वाटतंय हे कसं ओळखायचं, ही सवयही तिथेच लागते. कुणाला लागते, कुणाला नाही. मोफत कोर्स ही सवय आहे असं धरूनच चालतो. तेव्हा कॉलेज सोडून कोर्स, हा सौदा मला सतराव्या वर्षी तोट्याचा वाटतो. कॉलेजबरोबर कोर्स मात्र हवाच. वर्गातले सर कंटाळवाणे निघाले तर त्याच विषयावर जगातला सर्वोत्तम शिक्षक तिच्या खिशात आहे, ही चैन आपल्या पिढीला नव्हती. कॉलेज परवडणारच नसेल, किंवा जवळपास नसेल, तर गोष्ट वेगळी. २००९ मध्ये सुरू झालेलं युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल शिकवणीचं शुल्क न घेता ऑनलाइन पदवी देतं, त्याला अमेरिकेत २०१४ पासून अधिकृत मान्यता आहे. परीक्षेचं शुल्क मात्र असतं. आणि त्या पदवीला तुमच्याकडे मान आहे का, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

आता प्रमाणपत्र. सुरुवातीच्या काळात कोर्स पुरा केला की प्रमाणपत्रही फुकट मिळायचं. एडएक्सने २०१५ च्या अखेरीला ते बंद केलं, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून तिथे बऱ्याच कोर्सांत फुकट शिकणाऱ्याला मुदत पडली. गुण मिळवून देणारे स्वाध्यायही पैशांच्या पलीकडे गेले. बघायला मिळेल, तपासून मिळणार नाही. कोर्सेराही त्याच वाटेने गेली. मला हे लबाडीचं वाटत नाही, हिशेबाचं वाटतं. चांगला कोर्स बनवायला लाखो खर्च होतात, ते कुणीतरी भरायचे असतात: देणगीदार, सरकार, विद्यापीठ, नाहीतर प्रमाणपत्र घेणारा. तुम्ही चौथे.

पैसे भरले की अंगात जोर येतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. सुरुवातीला सांगितलेल्या पाहणीतच, पैसे भरून नोंदणी करणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांनी कोर्स पुरा केला होता. मोठा फरक दिसतो. पण पैसे तोच भरतो जो आधीच ठाम असतो. व्यायामशाळेची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणारे आपण कमी पाहिलेत का?

माझा नियम साधा आहे. ते प्रमाणपत्र कोण बघणार, त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येत असेल तर पैसे भरा. "उपयोगी पडेल कधीतरी" हे नाव नव्हे. तुमच्या साहेबांना विचारा, "हा कोर्स केला तर माझ्या कामात किंवा पगारात काही बदल होईल का?" ते हो म्हणाले तर त्यांनाच विचारा की कंपनी पैसे भरेल का. बऱ्याच ठिकाणी भरतात, कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत. कोर्सेरावर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, त्याला लाजू नका. आणि फुकट प्रमाणपत्र अजूनही मिळतं: संगणकशास्त्राची ओळख करून देणारा हार्वर्डचा सीएस-५० स्वतःच्या संकेतस्थळावरून देतो, फ्रीकोडकॅम्प ही ना-नफा संस्था आपले सगळेच दाखले फुकट देते. त्यांची अट एकच, काम करून दाखवा. तुमच्या बाबतीत मला कागदापेक्षा तुम्ही बनवलेला एक तक्ता जास्त वजनदार वाटतो. गोदामात गेल्या सहा महिन्यांत कुठला माल पडून राहिला ते एका पानावर दिसेल, असं काहीतरी साहेबांच्या टेबलावर ठेवून बघा.

हे सगळं फुकट राहणार का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. हार्वर्ड-एमआयटीची ना-नफा एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका खासगी कंपनीने विकत घेतली, आणि २०२४ च्या जुलैत त्या कंपनीनेच दिवाळखोरीसाठी न्यायालयात अर्ज केला. एडएक्स चालू राहिली, पण हवा कशी फिरते ते लक्षात येतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे कोर्सेराने इराण, क्युबा आणि सुदानमधल्या विद्यार्थ्यांना दार बंद केलं. "सगळ्या जगासाठी" म्हणताना जगाच्या नकाशाला कात्री लागू शकते, हे त्या मुलांना शिकायच्या मधोमध कळलं.

बर्कलीची गोष्ट मला याहून जास्त खटकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या शाखेने वीस हजारांहून जास्त व्याख्यानं खुली ठेवली होती. त्यातल्या अनेकांना नीट मथळे, म्हणजे पडद्याखाली येणारा मजकूर, नव्हता. कर्णबधिर लोकांनी तक्रार केली, सरकारी चौकशीत ती खरी ठरली. विद्यापीठाने २०१७ मध्ये काय करावं? खर्च परवडत नाही म्हणून सगळी व्याख्यानं लोकांसाठी बंद केली. तक्रार शंभर टक्के रास्त होती. एकाला दिसत नाही म्हणून सगळ्यांचा दिवा विझवायचा, हे मात्र मला आजही पटलेलं नाही. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ती व्याख्यानं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली होती, म्हणून बाहेरच्या लोकांना त्यांच्या प्रती करून दुसरीकडे ठेवता आल्या. तेव्हा कोर्स निवडताना खाली बारीक अक्षरात परवाना कुठला आहे ते बघा. खुला असेल तर टिपणं आणि व्हिडिओ उतरवून ठेवा. एमआयटीचं खुलं साहित्य असं उतरवून घेता येतं, राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकंही. जे नुसतं "बघायला फुकट" आहे ते उद्या नसेल, असं धरून चाला.

इंटरनेटच नसलेल्यांची गोष्ट मी इथे लांबवत नाही, तुमच्याकडे ते आहे. पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २६० कोटी माणसं तेव्हाही ऑफलाइन होती, गरीब देशांत शंभरातल्या २७ जणांकडेच इंटरनेट होतं. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि दीडशे कोटींहून जास्त मुलं घरी बसली, तेव्हा हीच उणीव सगळ्यात जास्त नडली.

तुमचं नडतंय ते वेगळं असावं असा माझा संशय आहे. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण वाटतं की तुम्ही हे सगळं फोनवर करता, आणि कोर्स इंग्रजीत आहे. स्प्रेडशीट फोनवर शिकणं म्हणजे खिडकीच्या फटीतून खोली झाडणं. सूत्र दिसतं तेव्हा तक्ता दिसत नाही, तक्ता दिसतो तेव्हा सूत्र दिसत नाही. गोदामातला संगणक सुटीनंतर अर्धा तास वापरू देतात का, विचारा. इंग्रजीचं म्हणाल तर व्हिडिओआधी त्याचा लिखित मजकूर वाचून काढा, अडलेले शब्द मराठीत वहीच्या समासात लिहा आणि मग व्हिडिओ थोडा हळू लावा. भाषेचं ओझं आधी उतरलं की विषय जेवढा असतो तेवढाच जड राहतो.

आणि व्हिडिओ कमी बघा. हे मी माझ्या मान डोलावण्याच्या अनुभवावरून सांगतेच आहे, पण कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एका मोफत कोर्सच्या नोंदींवरून मोजलंही होतं: बघण्या-वाचण्याच्या तुलनेत स्वाध्याय करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहापट घट्ट निघाला. आधी स्वाध्याय उघडा, चुका, आणि मग ज्याच्यावर चुकलात तेवढाच व्हिडिओ बघा. क्रम उलटा वाटेल. तसाच करा.

अडलं की एआयला विचारायचा मोह होईल, माझ्या त्या अकरा दिवसांच्या जागी आता अकरा सेकंद पुरतात. जरूर विचारा, पण उत्तर मागू नका, इशारा मागा. तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावाची गणितं झकास सोडवली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्यांच्या चॅटबॉटला फक्त इशारे द्यायची परवानगी होती, त्यांचं असं नुकसान झालं नाही. "मी इथपर्यंत आलो आहे, पुढची पायरी सांगू नकोस, कुठे चुकतोय तेवढं दाखव", असं सरळ लिहायचं.

वेळापत्रक करा असं मी सांगणार नाही. एका मोठ्या प्रयोगात जवळपास अडीचशे कोर्समधल्या लोकांना सुरुवातीलाच "कधी, कुठे अभ्यास करणार ते लिहा" म्हणून सांगून पाहिलं होतं. पहिले काही आठवडे हुरूप दिसला, मग ओसरला. कागदाला नाही म्हणायला कष्ट पडत नाहीत. माणसाला पडतात.

तेव्हा असं करा. १८ पैकी १७ कोर्समधून आजच नाव काढा. "नंतर बघू" म्हणून एकही ठेवू नका, ते कुठे पळून जात नाहीत, आणि गेले तर गेले. ४१ टक्केवाला ठेवा. मग मुलीला उत्तर देऊ नका, तिला त्याच कोर्सला नाव घालायला सांगा. तिला जमेल असं ती म्हणतेच आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, एकाच टेबलावर, चाळीस मिनिटं. ती पहिल्या आठवड्यापासून, तुम्ही अडलात तिथून. ती पंधरा दिवसांत तुम्हाला गाठेल, वाईट वाटून घेऊ नका. ती गाठेल तेव्हा जे तुम्हाला अडलंय ते तिला समजावायला लावा, आणि ती जिथे अडेल तिथे गोदामातला खरा माल, खऱ्या नोंदी तिच्यासमोर ठेवा. हे तिच्या कुठल्याच व्हिडिओत नाही. एखाद्या दिवशी ती कंटाळून उठेल. त्या दिवशी चिकाटीवरून टोमणा मारायची फार इच्छा होईल, तो गिळा. कॉलेजचा विषय तिच्याकडूनच निघेल. तोवर अर्जाची तारीख मात्र तुम्ही लिहून ठेवा.

अशा कोर्समध्ये चाळिशीच्या टक्क्याला बहुधा पिव्हट टेबल, म्हणजे लांबलचक नोंदींची गोळाबेरीज दाखवणारा तक्ता, येतं, आणि बरेच लोक तिथेच थबकतात. तुमचंही तेच असेल तर कोर्समधला तो तयार नमुना सोडा, त्यात कुणीतरी काल्पनिक माणूस काल्पनिक खुर्च्या विकत असतो. तुमच्या गोदामाच्या गेल्या महिन्याच्या नोंदी घ्या. ओळींमध्ये मालाचं नाव, स्तंभांमध्ये आठवडा, मध्ये नगांची बेरीज. बेरीज न येता नुसती मोजणी आली, तर नगांच्या रकान्यात कुठेतरी आकड्याऐवजी शब्द किंवा रिकामी जागा शिरली आहे, ती शोधा. दोघांपैकी कुणाला आधी सापडली ते कळवा.

– ताई